शक्ती : एक बँड, तीन जन्म



"फ्यूजन" म्हटलं की आखातातल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे साधारण एकच चित्र येतं. गणपतीचा नाहीतर दिवाळी पहाटेचा कार्यक्रम, स्टेजवर एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, एक तबला. कोणीतरी भूपातली बंदिश म्हणतंय आणि मागून ड्रमचा धडधडाट चालू आहे. शेवटी सगळे मिळून जोरात वाजवतात, आपण टाळ्या वाजवतो आणि बटाटेवड्याच्या रांगेत जाऊन उभे राहतो. त्यात वाईट काही नाही, वडे चांगले असतात. पण यामुळे एक झालंय. फ्यूजन म्हणजे ज्याला धड हेही येत नाही आणि तेही येत नाही त्याने करायची गोष्ट, असा आपल्यातल्या बऱ्याच जणांचा पक्का समज झालेला आहे.

म्हणून आज 'शक्ती' या बँडबद्दल लिहितोय. जॅझ आणि भारतीय संगीत यांच्या मिश्रणातलं हे सगळ्यात मोठं नाव. सत्तरीच्या दशकात सुरू झालेला हा बँड पन्नास वर्षांत दोनदा थांबला, दोनदा पुन्हा उभा राहिला, आणि २०२४ साली ग्रॅमी घेऊन गेला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले. त्यानंतर वर्तमानपत्रांतून जे आलं त्यात तबला होता, चहाची जाहिरात होती, कुरळे केस होते. शक्ती मात्र एखाद्या वाक्यात उरकली होती. मला वाटतं तिचा हिशेब नीट मांडायला हवा.

जॉनने काय सोडलं

जॉन मॅकलॉफलिनचा जन्म १९४२ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. १९६९ मध्ये तो अमेरिकेत आला आणि थेट माइल्स डेव्हिसच्या रेकॉर्डिंगमध्ये जाऊन बसला. 'इन अ सायलेंट वे' आणि 'बिचेस ब्रू' या दोन रेकॉर्डमधून जॅझ-रॉक नावाचं प्रकरण सुरू झालं असं मानतात. या दोन्हींत त्याची गिटार आहे. १९७१ मध्ये त्याने स्वतःचा 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढला. नाव भारतीय, पण आवाज सगळा विजेचा. कानठळ्या बसवणारे अँप्लिफायर, दोन गळ्यांची गिटार, विचित्र मात्रांचे ताल. तो बँड तुफान चालला.

आता आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट हिट आहे, क्लायंट खूश आहे, पुढच्या तीन व्हर्जनची ऑर्डर हातात आहे. अशा वेळी जॉनने काय करावं? तो अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात जाऊन वीणा शिकायला लागला. आपण उत्तम वीणावादक होणार नाही हे त्याला लवकरच समजलं असावं, कारण त्याने वीणा ठेवून दिली आणि शिकलेलं सगळं गिटारवर आणायचं ठरवलं. तिथेच त्याला एल. शंकर हा व्हायोलिनवादक भेटला. प्रसिद्ध व्हायोलिनवादक एल. सुब्रमण्यम यांचा हा धाकटा भाऊ, घरातच कर्नाटक संगीत.

झाकीरभाई तेव्हा विशीत होते. माहीमचा मुलगा, शाळा सेंट मायकल्स, कॉलेज सेंट झेवियर्स. वडील उस्ताद अल्ला रखा, म्हणजे पंडित रविशंकरांसोबत जगभर फिरलेला तबला. फ्यूजन हा शब्द त्यांच्या घरात नवा नव्हता. अल्ला रखांनी अमेरिकन जॅझ ड्रमर बडी रिच याच्याबरोबर १९६८ मध्ये एक रेकॉर्ड केली होती. १९७० मध्ये झाकीरभाई अमेरिकेत आले आणि पुढे कॅलिफोर्नियात उस्ताद अली अकबर खांसाहेबांच्या कॉलेजात शिकवू लागले. जॉनची आणि त्यांची पहिली खरी जुगलबंदी खांसाहेबांच्याच घरी, त्यांच्या समोर झाली. या पहिल्या बैठकीचा किस्सा पुढे दोघांनीही अनेकदा सांगितला.

चौथे विक्कू विनायकराम, घटमवाले. घटम म्हणजे दिसायला आपला पाण्याचा माठच, पण खास वाजवण्यासाठी घडवलेला आणि भाजलेला. तमिळनाडूतल्या मानामदुराईचे घटम नावाजलेले. सुरुवातीच्या दिवसांत रामनाड राघवन हे मृदंगमही वाजवत होते.

या बँडची पहिली रेकॉर्ड ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या साउथॅम्प्टन कॉलेजात भर कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झाली आणि १९७६ मध्ये बाजारात आली. महाविष्णूचे चाहते ती घ्यायला गेले आणि चक्रावले. कारण वीज गायब! मंडळी स्टेजवर मांडी घालून बसलेली. गिटार साधी लाकडी. ना ड्रमसेट, ना बेस, ना कीबोर्ड.

नक्की काय मिसळलं?

इथे जरा इंजिनिअरगिरी करतो, कंटाळा आला तर पुढच्या भागावर जा.

जॅझमध्ये कॉर्ड सतत बदलतात. वाजवणारा त्या बदलत्या जमिनीवर आपली धून रचत जातो. आपल्या रागात जमीन हलत नाही. षड्ज एकदा लागला की लागला, तंबोरा तोच राहतो, आणि सगळी मजा त्या एका सुराशी बाकीच्या सुरांचं काय नातं आहे यात असते. या दोन गोष्टी एकमेकांवर आदळतात. बहुतेक हौशी फ्यूजन इथेच मार खातं. खाली कॉर्ड बदलते आणि वर रागाचा जीव जातो.

जॉनने शक्तीत एक धाडसी निर्णय घेतला. त्याने कॉर्ड बदलण्याचा सोस बराचसा सोडून दिला. म्हणजे जॅझवाल्याने जॅझचं सगळ्यात ओळखीचं हत्यार खाली ठेवलं. मग जॅझ उरला कुठे? तो उरला आयत्या वेळी सुचण्यात, एकाने टाकलेला धागा दुसऱ्याने उचलण्यात. आणि ते तर आपल्याकडेही होतंच. सवाल-जवाब म्हणा, उपज म्हणा. दोन्ही संगीतांचा जो भाग मुळातच जुळत होता, तेवढाच त्याने धरला.

गिटारचंही तसंच. साध्या गिटारवर मींड नीट येत नाही, पट्ट्या मधे येतात. गिब्सन कंपनीकडून जॉनने खास गिटार बनवून घेतली. तिच्या पट्ट्यांमधलं लाकूड खोलगट कोरून काढलेलं होतं, म्हणजे तार दाबून आणि ओढून सूर वाकवता यावा. शिवाय मूळ सहा तारांच्या खालून तिरक्या जाणाऱ्या सात जादा तारा, सतारीच्या तरफांसारख्या. म्हणजे "माझ्या वाद्यात हे बसत नाही" असं न म्हणता त्याने वाद्यच बदललं.

आणखी एक मिश्रण या बँडमध्ये होतं, ज्याच्याकडे पाश्चात्त्य समीक्षकांचं लक्ष कमी गेलं. ते म्हणजे आपलंच उत्तर आणि दक्षिण. तबला आणि घटम तेव्हा एका मंचावर सहसा दिसत नसत. भाषा वेगळी, बोल वेगळे, हिशेब मांडायची पद्धत वेगळी. तरी मुक्कामाचं ठिकाण एकच, सम. आपल्याकडे तिहाई, त्यांच्याकडे कोरवै.

तिहाईचा हिशेब ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तीनताल सोळा मात्रांचा. पाच मात्रांचा एक तुकडा घ्या. तो तीनदा वाजवा, मधे एक-एक मात्रा मोकळी सोडा. ५+१+५+१+५ झाले १७. पहिल्या मात्रेपासून सुरुवात केली तर शेवटचा 'धा' सतराव्या मात्रेवर, म्हणजेच पुढच्या समेवर पडतो. हे झालं बालवाडीतलं उदाहरण. झाकीरभाई आणि विनायकराम हेच गणित भरधाव वेगात, एकमेकांच्या पद्धतीत शिरून, चेहऱ्यावर हसू ठेवून करत. ते हसू कॅमेऱ्यासाठी नव्हतं. समोरच्याचा हिशेब कुठे चाललाय हे आधीच कळल्याचं ते हसू होतं.

पहिला मृत्यू

'शक्ती', 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी' (१९७६) आणि 'नॅचरल एलिमेंट्स' (१९७७) अशा तीन रेकॉर्ड झाल्या आणि १९७८ च्या सुमारास बँड थांबला. भांडण झालं नाही, कोणी गेलं नाही. अमेरिकन रेकॉर्ड कंपनीला जॉनकडून हवी होती विजेची गिटार, आणि मांडी घालून बसलेल्या चौघांचा खप महाविष्णूच्या जवळपासही नव्हता. १९७८ मध्येच जॉनची पुढची रेकॉर्ड आली. तिचं नाव काय होतं, तर 'इलेक्ट्रिक गिटारिस्ट'. नावातच सगळं आलं.

म्हणजे ज्या बँडला आज आपण युगप्रवर्तक वगैरे म्हणतो, तो त्याच्या काळात जेमतेम तीन-चार वर्षं टिकला. कॉर्पोरेट भाषेत बोलायचं तर प्रोजेक्ट बंद, टीम इतर प्रोजेक्टवर.

पण टीम बेरोजगार झाली नाही, आणि मला वाटतं सगळं मर्म इथे आहे. विनायकराम चेन्नईत परत गेले ते आपल्या कर्नाटक संगीतात. झाकीरभाई रविशंकर, शिवकुमार, हरिप्रसाद अशा दिग्गजांच्या साथीला बसत राहिले. शक्ती हे कुणाचंच एकमेव घर नव्हतं. ज्याचं त्याचं घर पक्कं होतं, म्हणून तर ते या पाहुण्या घरात इतके मोकळे वागू शकले. १९९१ च्या 'प्लॅनेट ड्रम' या रेकॉर्डने झाकीरभाई आणि विनायकराम या दोघांनाही ग्रॅमी मिळवून दिलं. तीही शक्तीच्या बाहेर.

दुसरा जन्म आणि आपला शंकर

१९९७ मध्ये इंग्लंडच्या एका दौऱ्यासाठी जॉन, झाकीरभाई आणि विनायकराम पुन्हा एकत्र आले. व्हायोलिनच्या जागी पंडित हरिप्रसाद चौरसियांची बासरी. नाव दिलं 'रिमेंबर शक्ती'. १९९९ मध्ये त्या दौऱ्याच्या दोन सीडी आल्या. त्यातली 'मुक्ती' ही एकच रचना तासाभराहून मोठी आहे. पहिल्या रेकॉर्डमधलं 'लोटस फीट' इथे पुन्हा ऐकू येतं. दोन्ही लागोपाठ ऐका. वीस वर्षांत माणसं काय शिकतात ते कळेल. सूर कमी झालेत आणि त्यांच्यामधली जागा वाढलीय.

मग दोन तरुण आले. मँडोलिनवर यू. श्रीनिवास, आंध्रातल्या पालकोल्लूचा. लहानपणापासून विजेच्या मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवून याने भल्याभल्यांची तोंडं बंद केली होती. आणि विनायकरामांच्या जागी त्यांचाच मुलगा सेल्वगणेश, कंजिरा घेऊन. कंजिरा म्हणजे आपल्या खंजिरीची दाक्षिणात्य बहीण. तुकडोजी महाराजांच्या हातातली खंजिरी आठवा आणि कल्पना करा की तळहाताएवढ्या त्या वाद्यातून एका हाताने तबल्याला जवाब निघतोय.

डिसेंबर २००० मध्ये मुंबईत कार्यक्रम झाले. त्यातून 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' ही २००१ ची सीडी निघाली. शिवकुमार शर्मा, देवाशिष भट्टाचार्य, शिवमणी, झाकीरभाईंचे भाऊ तौफिक आणि फझल, अशी सगळी जत्रा त्यात आहे. आणि गायला शंकर महादेवन.

शंकरबद्दल या ग्रुपवर वेगळं सांगायला नको, तरी सांगतोच. चेंबूरमध्ये वाढलेला तमिळ मुलगा, श्रीनिवास खळ्यांचा शिष्य. आपल्याला तो 'मन उधाण वाऱ्याचे'मुळे आणि 'कट्यार काळजात घुसली' या २०१५ च्या चित्रपटातल्या पंडितजींमुळे जास्त जवळचा. पण मूळचा तो आपल्यातला. नवी मुंबईच्या रामराव आदिक इन्स्टिट्यूटमधून १९८८ चा कॉम्प्युटर इंजिनिअर, आणि त्यानंतर सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. पुढे ती सोडली. आमच्या ऑफिसात दर शुक्रवारी कोणीतरी "नोकरी सोडून काहीतरी वेगळं करायला हवं यार" म्हणतं तेव्हा कोणीतरी शंकरचं नाव घेतंच. एक गोष्ट मात्र सगळे विसरतात. नोकरी सोडली तेव्हा त्याच्यामागे लहानपणापासूनची तालीम होती, कर्नाटकही आणि खळेकाकांचीही. आपल्यामागे पॉवरपॉइंट आहे :-)

मी शारजात राहतो, ऑफिस दुबईत इंटरनेट सिटीला. अल नहदाचा सकाळचा ट्रॅफिक ज्यांना माहीत आहे त्यांना हेही माहीत असेल की या रस्त्यावर माणूस एकतर रेडिओवर चिडतो किंवा तत्त्वज्ञ होतो. पहिल्या रेकॉर्डमधलं 'जॉय' अठरा मिनिटांचं आहे. घर सोडून दुबईच्या हद्दीत नीट लागेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो. शेकडो वेळा ऐकलं असेल. अजूनही दर वेळी मधे कुठेतरी व्हायोलिन आणि गिटार एकाच वाक्याचे दोन तुकडे बोलतात, आणि मागचा गाडीवाला हॉर्न वाजवतो.

तिसरा जन्म

१९ सप्टेंबर २०१४ ला यू. श्रीनिवास चेन्नईत गेला. वय ४५. बँडचा सगळ्यात धाकटा सूर सगळ्यात आधी गेला, आणि नंतर बराच काळ शक्ती गप्प होती.

२०२० मध्ये पुन्हा हालचाल झाली. जॉन, झाकीरभाई, शंकर, सेल्वगणेश आणि व्हायोलिनवर गणेश राजगोपालन, गणेश-कुमरेश जोडीतले. म्हणजे चाळीसेक वर्षांनी व्हायोलिन परत आलं. आणि लगेच कोविड. जॉन मोनॅकोत, झाकीरभाई कॅलिफोर्नियात, शंकर मुंबईत, सेल्वगणेश चेन्नईत. तेव्हा या मंडळींनी काय केलं असेल? जे आपण सगळे करत होतो तेच. आपापल्या जागी बसून रेकॉर्ड करायचं आणि फाइल पाठवायची. चेन्नई आणि कॅलिफोर्नियात साडेबारा-साडेतेरा तासांचा फरक असतो. ज्याने अमेरिकन टीमबरोबर रात्री अकराचे कॉल केलेत त्याला सांगायला नको.

अशी बनलेली 'धिस मोमेंट' ३० जून २०२३ ला आली. १९७७ नंतर स्टुडिओत केलेली शक्तीची ही पहिलीच रेकॉर्ड, मधे ४६ वर्षं. पहिलीच रचना 'श्रीनीज ड्रीम', गेलेल्या श्रीनिवाससाठी. त्यात 'गिरिराज सुधा'ही आहे. मूळ त्यागराजांची कृती, मुंबईच्या त्या २००१ च्या सीडीतही होती. एकमेकांसमोर न बसता इतकं एकमेकांचं ऐकता येतं, हे मला ऐकूनही पटायला वेळ लागला. पण मग लक्षात आलं की समोरासमोर बसून ऐकण्याची वर्षं आधीच जमा होती. फाइल शेअरिंगने ती दिली नाहीत, फाइल शेअरिंगने ती खर्च केली. रिमोट कामाबद्दल आमच्या क्षेत्रात जो काय वाद चालतो, त्यात मला हे उत्तर सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

पन्नास वर्षांच्या निमित्ताने २०२३ मध्ये जगभर दौरा झाला. सुरुवात जानेवारीत भारतातून, मग युरोप, मग अमेरिका. जॉन तेव्हा ८१ वर्षांचा. ४ फेब्रुवारी २०२४ ला 'धिस मोमेंट'ला ग्रॅमी मिळालं. झाकीरभाईंना त्या एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाली, एक शक्तीचं आणि दोन इतर कामांची. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फुफ्फुसाच्या आजाराने सॅन फ्रान्सिस्कोत ते गेले. वय ७३.

यातून आपण काय घ्यायचं?

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. करामात एका सरांकडे आठवड्यातून दोनदा तबला शिकते. दोन वर्षं झाली, अजून कायदे आणि पलटे चालू आहेत. मधे म्हणाली, "बाबा, मला बँडमध्ये वाजवायचंय, हे किती दिवस करायचं?" शाळेत तिच्या वर्गात लेबनीज आहेत, फिलिपिनो आहेत, केरळी आहेत, कोणी ड्रम वाजवतं, कोणी गिटार. त्यांच्यात मिसळायचं तर फ्यूजनच हवं, हे तिचं म्हणणं चुकीचं नाही. तिचं सगळं आयुष्यच फ्यूजन आहे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, लिफ्टमध्ये हिंदी, आणि अरबीचा पेपर बुधवारी.

आपल्या पिढीला हीच भीती असते ना? ही मुलं धड इथली नाहीत, धड तिथली नाहीत. मग आपण दोनपैकी एक करतो. एकतर "शुद्ध" काहीतरी त्यांच्या गळ्यात मारतो, नाहीतर सगळं सोडून देतो.

शक्तीची पन्नास वर्षं तिसराच रस्ता दाखवतात. त्या बँडमध्ये कोणीही अर्धा नव्हता. जॉन पूर्ण जॅझवाला होता, झाकीरभाई पूर्ण पंजाब घराण्याचे, विनायकराम पूर्ण कर्नाटक. कोणी आपलं पातळ करून आणलं नाही. आणि पूर्ण असूनही प्रत्येकाने दुसऱ्याच्या घरी जाऊन शिकायची तयारी ठेवली. जॉन तर गाजलेला बँड असताना विद्यार्थी झाला. मिसळणं ही नंतरची गोष्ट आहे. आधी मिसळायला काहीतरी जवळ हवं, आणि मग समोरच्याचं ऐकायला कान हवेत. यातलं एकही नसेल तर उरतो तो ऑक्टोपॅड.

मुलीला मी भाषण दिलं नाही. 'जॉय' लावून दिलं. अर्ध्यावर उठून गेली, पण दुसऱ्या दिवशी विचारलं, "तो मडकं वाजवतो तो कोण?" तेवढं पुरे आहे. कायदे चालू आहेत.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी माझा क्रम असा : आधी 'लोटस फीट', कारण ते छोटं आणि शांत आहे. मग 'गिरिराज सुधा' मुंबईच्या सीडीतलं, शंकरसाठी. मग हेडफोन लावून 'जॉय'. आणि 'मुक्ती'साठी अबुधाबी-दुबई प्रवास राखून ठेवा. साधारण तेवढ्याच लांबीची आहे, आणि घंतूतच्या आसपास ती अशी काही रंगते की स्पीड कॅमेऱ्यांकडे जरा लक्ष असू द्या!

ज्यांनी शक्ती प्रत्यक्ष ऐकली असेल, मुंबईत, पुण्यात, लंडनला, कुठेही, त्यांनी जरूर लिहावं. आता ते ऐकायला मिळणार नाही, तेव्हा ऐकलेलं वाटून घेणं एवढंच आपल्या हातात आहे.

लोभ असावा,

शारजाहून, अजूनही नोकरीतच असलेला एक इंजिनिअर